शेजारची थंडी

१

सकाळी साडेआठला मी परसदारी जातो, पांढऱ्या पेटीचं झडपांचं दार उघडतो, श्वास रोखून तापमान वाचतो आणि वहीत लिहितो. श्वास रोखायचा, कारण माणसाच्या उच्छ्वासानेही आकडा दशांशभर हलू शकतो. विद्यापीठातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ही सवय सुटलेली नाही. घरातल्या वह्यांना आता चाळीस वर्षं होतील.

यंदाच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणायला जीभ रेटत नाही. सोमवारी सहा पूर्णांक दोन, बुधवारी अठरा पूर्णांक सात, शुक्रवारी पुन्हा सात. दुपारी पंखा, पहाटे दोन रजया. असं होणार हे मी तीस वर्षं फळ्यावर आलेख काढून शिकवलं. पण शिकवणं वेगळं आणि आपल्याच बायकोच्या छातीत ते वाजताना ऐकणं वेगळं. पारा खालीवर झाला की हिला धाप लागायची. रात्रभर ती उशीला टेकून बसायची, आणि मी शेजारी बसून एका मिनिटाला किती श्वास, ते मोजायचो. दुसरं काही मला येत नाही.

"थंडीचं भय नाही, चढउताराचं आहे," डॉक्टर म्हणाले. "एकसारखी हवा मिळाली, तर बाईंना काही होणार नाही."

"एकसारखी हवा मिळते कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं, प्रोफेसर. विषय तुमचा."

ही हसली. खोकत खोकत हसली. माझी फजिती झाली की तिला नेहमीच बरं वाटतं.

२

ऑक्टोबरात शेजारच्या घरात लांब्या राहायला आला.

लांब्या हे त्याचं खरं नाव नव्हे, पण तरुणपणी आम्ही तिघं एकाच वेधशाळेत होतो तेव्हा त्याला सगळे हेच म्हणत. तो घाटमाथ्यावरच्या चौकीत निरीक्षक, मी पायथ्याच्या केंद्रात निरीक्षक, आणि ही पायथ्याच्या कचेरीत हवामानाचे नकाशे काढायची. ती हाताखालची, म्हणून मला 'सर' म्हणायची. लांब्याला मात्र लांब्याच म्हणायची. या फरकाचा अर्थ मला तेव्हाही कळत होता.

मधली चव्वेचाळीस वर्षं त्याचा पत्ता नव्हता. आता काठी टेकत, एक पाय ओढत फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "काय रे दशांश, ओळखलंस का?"

मी आकड्यांच्या बाबतीत कटकट्या, म्हणून हे माझं जुनं नाव. ते ऐकून ही इतकी खळखळून हसली की मी आत जाऊन उगाच पाणी प्यालो.

आमच्या दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि भिंतीत एक लाकडी फाटक. लांब्याने आल्याआल्या परसात माझ्यासारखीच पांढरी पेटी उभी केली. पण त्याला मोतीबिंदू. आकडे दिसेनात. म्हणून रोज सकाळी साडेआठला ही फाटकातून तिकडे जाऊ लागली आणि त्याला तापमान वाचून दाखवू लागली.

चाळीस वर्षांत माझी पेटी तिने एकदाही उघडली नव्हती. "त्या खुराड्यात काय बघायचं असतं रोज उठून?" हे तिचं माझ्या शास्त्राबद्दलचं मत.

३

डिसेंबरच्या मध्यावर ती तिकडून परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून चष्मा काढून पदराने पुसू लागली.

"काय झालं?"

"काही नाही हो. काच धुरकट होते रोज."

ती साधं बोलून गेली, पण माझा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. थंड जागेतून उबदार जागेत आलं की काच धुरकटते. काच हवेच्या दवबिंदूहून थंड असावी लागते. पण मधे फक्त एक भिंत होती, आणि माझ्या पेटीने दहा मिनिटांपूर्वी सतरा पूर्णांक चार दाखवलं होतं.

"किती होतं त्याच्याकडे?" मी विचारलं.

"सात पूर्णांक एक."

"तापमापक बिघडलाय त्याचा."

"असेल. मला मात्र तिकडे छान वाटतं. छाती मोकळी होते."

कामाच्या मावशी ओटा पुसत होत्या. त्या दोन्ही घरी काम करतात. मान वर न करता म्हणाल्या, "त्या काकांकडं जाताना मी स्वेटर नेते. तुमच्याकडं येताना काढते. आता मला विचारू नका का ते. माझी शाळा चौथीपर्यंत."

मी त्यांना विचारलं नाही. माझी शाळा पुष्कळ पुढपर्यंत झाली आहे आणि मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत तपासून घेतलेला माझा प्रमाण तापमापक कोटाच्या खिशात घालून लांब्याकडे गेलो. फाटक ओलांडलं आणि कानांच्या पाळ्या दुखू लागल्या. तिथली थंडी बोचरी नव्हती, जुनी होती. कोरडी, स्थिर, वारा नसलेली, सावलीत आणि उन्हात सारखी. अशी थंडी आता पडत नाही. मी तापमापक पेटीत ठेवून पाच मिनिटं थांबलो. दोन्ही नळ्यांनी एकच आकडा दाखवला: सहा पूर्णांक आठ.

"पटलं का?" लांब्या ओसरीवरून म्हणाला. "का माझ्या भिंतीलाही प्रमाणपत्र मागतोस?"

ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. खोकत नव्हती. मांडीवर त्याची वही होती आणि ती त्यात आजचा आकडा वळणदार अक्षरात लिहीत होती.

४

मत्सर हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने गुडघ्यांची काळजी करावी. मी स्वतःला समजावलं: त्याच्या परसात खोलगट भाग असेल, थंड हवा साचत असेल. समजावताना मला माहीत होतं की दोन्ही परसं एकाच पातळीत आहेत. पावसाचं पाणी कुठे साचतं हे वीस वर्षं बघतो आहे.

जेवताना ही रोज त्याचा आकडा सांगायची. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक पाच. सहा पूर्णांक सहा. पाच पूर्णांक नऊ. माझा पारा माकडासारखा उड्या मारत होता, त्याचा सावकाश उतरत होता. आणि पाचव्या दिवशी, घास तोंडात असताना, तिने सांगायच्या आधी मला आकडा आठवला.

"पाच पूर्णांक सात," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी उठलो. माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. पायथ्याच्या केंद्रातल्या माझ्या नोंदींच्या कार्बन प्रती त्यात होत्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो हिवाळा काढला आणि बोट लावून वाचत गेलो. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक पाच. सहा पूर्णांक सहा. पाच पूर्णांक नऊ. पाच पूर्णांक सात. तारखेला तारीख, दशांशाला दशांश.

माझ्याच हस्ताक्षरात माझ्या पेटीने टिपलेला हिवाळा लांब्याच्या परसात पडत होता.

लांब्याने कुठून तरी ती नोंदवही मिळवली असेल, तो थट्टा करत असेल, असं मी ठरवलं. पण थट्टेने हवा थंड होत नाही. माझा प्रमाण तापमापक थट्टेत सामील होत नाही. राहता राहिला मी. माझ्यावर मला तेवढा विश्वास नव्हता. मी तीन वेळा मुलीला फोन करायला घेतला आणि तीन वेळा ठेवला. काय सांगणार? की तुझी आई शेजारच्या घरात नीट श्वास घेते, आणि मला ते सहन होत नाही?

५

जानेवारीत तिने एकदा दाराची घंटा वाजवली.

तिच्याकडे किल्ली असते. शिवाय ती परसाच्या फाटकाने येते. मी पुढचं दार उघडलं. ती पायपुसण्यावर उभी होती. गाल लालसर, दम अजिबात लागलेला नाही. तिने माझ्याकडे ओळखीचं पण दूरचं हसून बघितलं.

"सर, आत येऊ?"

मला वाटलं, थट्टा आहे. मी बाजूला झालो. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कचेरीत बसावी तशी, आणि भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो बघू लागली. बराच वेळ. मग डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "अहो, भात लावलात का?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, दुपारी मी फोन केला होता. आई मला म्हणाली, आपण कोण बोलताय. मग हसली. मला बरं नाही वाटलं. डॉक्टरांना दाखवा ना."

डॉक्टरांनी छाती तपासली, दोनदा. "साफ आहे. वय सत्तर आणि फुप्फुसं पंचविशीची. काय करताय ते चालू ठेवा."

"विसरते हल्ली," मी म्हणालो.

"तुम्ही विसरत नाही का?"

"तो विसरला तर आधी वहीत लिहून ठेवतो," ही म्हणाली. डॉक्टर हसले. मला ऐकू आलं ते एवढंच, की त्रेचाळीस वर्षांत तिने मला कधी 'तो' म्हटलं नव्हतं. 'हे' म्हणायची.

त्या दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. लांब्याला काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडे वीस अंश होते, दुसऱ्या पहाटे सात. दुसऱ्या रात्री तिच्या ओठांना निळी कड आली. ती बोलू शकत नव्हती, फक्त भिंतीकडे बोट करत होती. औषधाची वाफ दिली, पाठ चोळली, मुलीला फोन करून उठवावं का याचा विचार केला. उजाडताच मी तिला खांद्याचा आधार देऊन परसात आणलं आणि कुलूप काढलं. माझ्या हाताने. फाटकापलीकडे दोन पावलं टाकताच तिने दीर्घ श्वास घेतला, आणि तो पूर्ण झाला.

लांब्या ओसरीवर होता. "आलीस का नकाशेबाई? आजचा आकडा राहिलाय."

तिने मागे वळून बघितलं नाही.

६

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

त्या हिवाळ्यात, एकोणतीस जानेवारीला, लांब्या घाट उतरून हिला लग्नाचं विचारायला येणार होता. हे तिघांनाही माहीत होतं. मला त्याने फोनवर स्वतः सांगितलं होतं. आमच्या खात्यात एक साधा नियम होता. पायथ्याला दोनच्या खाली तापमान गेलं, की घाटातल्या वळणांवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि वाहन काढायचं नाही. म्हणून त्याने सकाळी चौकीतून फोन केला. "दशांश, किती आहे खाली?"

पेटीत एक पूर्णांक चार होतं. मी चार पूर्णांक एक सांगितलं. नोंदवहीतही तेच लिहिलं.

नवखे निरीक्षक अशी चूक करतात. आकडे उलटे होतात. आमच्या प्रशिक्षणात या चुकीवर एक अख्खा तास असे, आणि तो तास मीच घेत असे.

त्याची मोटारसायकल चौथ्या वळणावर घसरली. कंबर आणि मांडीचं हाड. आठ महिने दूरच्या शहरातल्या इस्पितळात. ती कचेरीच्या पायरीवर दिवसभर वाट बघत बसली होती. मी तिला चहा नेऊन दिला. नंतरही मीच देत राहिलो. पुढल्या वर्षी आमचं लग्न झालं.

ती चूक होती. मी असं चव्वेचाळीस वर्षं म्हणतो आहे. कधी कधी, श्वास रोखून पेटीसमोर उभा असतो तेव्हा, मला खात्री वाटत नाही.

आता माझ्या हातात एक कसोटी होती, आणि शास्त्रज्ञाला कसोटीचा आधार वाटतो. नोंदवहीत चार पूर्णांक एक आहे. खरा आकडा फक्त मला माहीत आहे. एकोणतीसला लांब्याच्या पेटीत चार पूर्णांक एक दिसलं, तर हा सारा माझ्या नोंदवहीवरून केलेला काहीतरी खेळ. मी हसेन, त्याला चार शब्द सुनावीन आणि बायकोला मुलीकडे घेऊन जाईन.

आणि एक पूर्णांक चार दिसलं तर, याचा विचार मी केला नाही.

७

एकोणतीसला माझ्या पेटीत एकोणीस पूर्णांक एक. स्वच्छ ऊन. पाठीला घाम. ही साडेसातलाच तिकडे गेली होती.

मी फाटकाशी गेलो. लांब्याचं परस धुक्यात होतं. धुकं भिंतीच्या रेषेवर कापल्यासारखं थांबलं होतं. मी आत गेलो. तो पेटीजवळ पाठमोरा उभा होता. हातात काठी नव्हती. दोन्ही पायांवर सारखा भार होता.

"ती आत तयार होतेय," तो म्हणाला. "आज तू सांग." मग वळला नाहीच, आणि माझ्यापासून दोन हातांवर उभा असून, फोनच्या तारेवरून बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "दशांश, किती आहे खाली?"

मी पेटीचं दार उघडलं. श्वास रोखला. एक पूर्णांक चार. डोळे पुसून वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

आतून ती गुणगुणत होती. खोकल्याची एक उबळ नाही. त्या आवाजात मी कुठेच नव्हतो; मुलगी नव्हती, स्वयंपाकघर नव्हतं, त्रेचाळीस वर्षं नव्हती. नुसता वाट बघणाऱ्या तरुणीचा आवाज.

"चार पूर्णांक एक," मी म्हणालो.

अडखळलो नाही. मला वाटलं होतं, निदान अडखळेन.

"मग निघायला हरकत नाही," लांब्या म्हणाला.

तेव्हा ती बाहेर आली. डोक्याला रुमाल बांधत होती. धुक्यामुळे चेहरा नीट दिसला नाही, पण पायऱ्या ती गुडघ्यावर हात न ठेवता उतरली. "चला," ती म्हणाली. "मीही येते. इथे बसून वाट बघायचा कंटाळा आलाय मला."

तो हसला. दोघं पेटीच्या मागे चालू लागले. तिथे धुणं वाळत घालायची तार आहे आणि त्यामागे कुंपणाची भिंत. त्या दिवशी तार दिसली नाही. जमीन उतरत गेली होती. ओलसर, काळा, चकचकीत रस्ता डावीकडे वळत होता, आणि ते वळण मला ओळखीचं होतं.

मला एवढंच म्हणायचं होतं: थांबा, एक पूर्णांक चार. पण ते म्हटलं की तिला कळणार होतं. आजचंही आणि तेव्हाचंही. ती वळून माझ्याकडे बघणार होती, आणि ते बघणं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी शिकलेला माणूस आहे. मी विचार केला. इथून तीनशे किलोमीटरपर्यंत घाट नाही. ही माझ्या मेंदूची करामत आहे. जे नाही त्याला थांबवायचं कशाला, आणि जे नाही त्याच्यापुढे कबुली कसली द्यायची? युक्तिवाद बिनतोड होता. तो पूर्ण होईपर्यंत धुकं मिटलं.

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पहिल्या वळणाला गियर बदलला. दुसऱ्याला. तिसऱ्याला. तिचं हसू एकदा, लांबून.

मी मागे सरकून फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. ओरडलो असेन. घसा नंतर दोन दिवस बसला होता. पण केव्हा ओरडलो, ते सांगता येत नाही.

८

लांब्याचं घर उघडं होतं आणि रिकामं. शोधायला लोक आले, त्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांच्या मते एक विसरभोळी बाई आणि एक लंगडा म्हातारा लांब जाऊ शकत नाहीत. त्या परसात आता माझ्या परसाइतकंच उकडतं. मावशींनी स्वेटर आणायचं सोडलं. काल त्या ओटा पुसताना थांबल्या आणि म्हणाल्या, "बाईंना तिकडं बरं वाटायचं हो." मी मान हलवली.

मुलगी येऊन राहिली आहे. रागावत नाही, ते जास्त कठीण जातं. रोज ती तोच प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारते, मी गाफील असताना सापडेन या आशेने. आज भाजी निवडताना विचारला.

"बाबा, आईशी शेवटचं काय बोललात तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी त्याच्याशी बोलत होतो."